नीटनेटकी दलदल

माझ्या मामाला वाढलेलं काही बघवत नाही. केस, नखं, गवत, वेली, लोकांच्या गप्पा, सगळं त्याला वेळच्या वेळी छाटलेलं लागतं. नगरपालिकेत माळी झाला म्हणून हा स्वभाव खपून गेला. दुसऱ्या कुठल्या धंद्यात असता तर घरच्यांनी त्याला केव्हाच डॉक्टरकडे नेलं असतं. आमच्याकडे जेवायला बसला की आधी टेबलावरच्या कापडाची लोंबणारी टोकं सारखी करतो आणि मग ताटाकडे बघतो. मी लहान असताना त्यानं एकदा माझ्या कपाळावरचे केस कापायला घेतले. डावी बाजू उजवीएवढी, मग उजवी डावीएवढी, असं करता करता कपाळावर काही उरलंच नाही. मी रडून घर डोक्यावर घेतलं तर म्हणतो, "पण आता दोन्हीकडे सारखं झालं की नाही?"

गल्लीत सगळे त्याला कात्रीमामा म्हणतात. त्याला त्यात काही वाईट वाटत नाही. त्याला तो किताब वाटतो.

या किताबाचं कारण म्हणजे ओढ्याकाठचं मैदान. आमची गल्ली उतारावर सगळ्यात खाली. आमच्या मागच्या खिडकीतून वर बघितलं की ते मैदान दिसायचं, आणि मैदानाच्या पलीकडे ओढा. मामानं तिथे जी हिरवळ राखली होती, तिला तोड नव्हती. इतकी सपाट, की पाखरंसुद्धा बिचकत उतरायची. लोक लांबून बघून जायचे, कारण आत पाऊल टाकलं की मामा शिट्टी मारायचा. मुलांना खेळायला मनाई, म्हाताऱ्यांना बसायला मनाई. फक्त पाण्याला मनाई करणं त्याला जमलं नव्हतं. जोराचा पाऊस झाला की ओढा काठ सोडायचा, त्या गुळगुळीत हिरवळीवरून घसरत खाली यायचा आणि पाय न पुसता आमच्या घरात शिरायचा.

आमचं घर म्हणजे खाली एक खोली, वर एक खोली. आई शिवणकाम करते. बाबा गेल्यावर तिनं त्या मशीनवर मला वाढवलं. पण मशीन ठेवायचं वर, कारण खाली पाण्याचा भरवसा नाही. जिना उभा आणि अरुंद. मापं द्यायला आलेल्या जाड बायका निम्म्या जिन्यात थांबून दम खायच्या आणि पुढच्या वेळी चौकातल्या शिंप्याकडे जायच्या. खालच्या खोलीतलं कपाट, पलंग, सगळं विटांवर चढवलेलं. आमच्याकडे आलेला माणूस खुर्चीत बसला की त्याचे पाय लोंबकळत राहायचे. हे सगळं मामाला माहीत होतं. दर पुरानंतर तो यायचा, आईबरोबर चिखल उपसायचा, आणि जाताना खिडकीतून वर बघून म्हणायचा, "पण हिरवळीला काही झालं नाही हं, ताई."

आई त्याच्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. त्याला तिनं कडेवर वागवलेला. जगात तो दोनच माणसांना भ्यायचा, एक उद्यानप्रमुख आणि दुसरी ती. त्यातही उद्यानप्रमुख बदलून जात, आई बदलत नसे.

मग एके वर्षी नदीच्या खोऱ्यातल्या सगळ्या गावांना शहाणपण सुचलं. तोवर पद्धत अशी होती, की एका गावानं भिंत बांधली की पाणी पुढच्या गावात जायचं, त्यानं बांधली की त्याच्या पुढच्या. 'तुझं तू बघ' या तत्त्वावर पाणी सगळ्या खोऱ्यात हिंडत होतं. आता हवामानाचा काही नेम राहिला नव्हता, पाऊस कोसळायला लागला की थांबायचं नाव घेत नव्हता, आणि भिंती बांधून सगळे थकले होते. म्हणून ठरलं, की प्रत्येक गावानं पाण्याला पसरायला, मुरायला थोडी जागा परत द्यायची. भिंतीऐवजी दलदल, सिमेंटऐवजी झाडझाडोरा. आमच्या गावानं उदार मनानं मामाची हिरवळ दिली.

त्या कामासाठी एक बाई आल्या. वयानं माझ्याएवढ्या, पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट. सगळे त्यांना प्रकल्पबाई म्हणायला लागले. गल्लीतल्या सभेत त्यांनी समजावून सांगितलं, की कापलेली हिरवळ म्हणजे पाण्याच्या दृष्टीनं हिरव्या रंगाची फरशीच. पाणी तिच्यात थांबतही नाही, मुरतही नाही. सभेत मागच्या बाकावर मामा बसला होता. त्याच्या चेहऱ्याकडे बघून मला वाटलं, याला आता कुणीतरी हात धरून घरी न्यावं.

मैदान उकरलं. जागोजागी उथळ खड्डे केले, काठानं वाळुंजाची झुडपं लावली, पाण्यात लव्हाळी आणि पाणकणीस लावलं. आणि हे सगळं राखायला नगरपालिकेनं नेमला कोण, तर मामा. त्याचा तिथला अनुभव दांडगा म्हणून.

"म्हणजे मी नक्की काय करायचं?" त्यानं प्रकल्पबाईंना विचारलं.

"काही नाही, मामा. तेच महत्त्वाचं काम आहे."

"काहीच करायचं नाही?"

"काहीच नाही. आणि दुसऱ्या कुणाला करू द्यायचं नाही. नुसतं वाढू द्यायचं."

संध्याकाळी तो आमच्याकडे येऊन पलंगावर बसला, पाय लोंबकळत. "ताई, आयुष्यभर लोक मला टोमणे मारायचे, की नगरपालिकेत काही काम नसतं. आता मला तशी ऑर्डरच मिळाली."

त्यानं ऑर्डर पाळली, हे त्याच्या शत्रूनंही कबूल करावं. हात पाठीमागे घट्ट धरून तो दिवसभर त्या झाडोऱ्याभोवती फिरायचा. पाणकणीस डोक्याच्या वर गेलं, लव्हाळी हवी तशी वाकली, वाळुंजाच्या फांद्या चारी दिशांना गेल्या. मामाचा मात्र हात शिवशिवायचा, आणि त्याची फळं आम्ही भोगायचो. त्यानं आमच्या दाराची वेल कापली. शेजाऱ्यांचं कुंपण न विचारता छाटलं. मामी एकदा येऊन आईला म्हणाली, "वन्सं, काल त्यांनी केरसुणीसुद्धा सारखी केली हो. आता केर काढायला हाताशी लागतो तो नुसता दांडा."

पण दलदल कामाला लागली. पहिल्या पावसाळ्यात पाणी आलं, झाडोऱ्यात शिरलं, तिथंच तुंबून राहिलं आणि सावकाश मुरलं. आमच्या उंबऱ्यापाशी नुसती ओल. दुसऱ्या पावसाळ्यात तीसुद्धा नाही. आई तशी सहजासहजी विश्वास ठेवणारी बाई नाही. तरी तिनं एक दिवस मला हाताशी धरून मशीन खाली आणलं. मग विटा निघाल्या, कपाट जमिनीवर आलं, पाहुण्यांचे पाय जमिनीला टेकायला लागले. जाड बायका परत आल्या. आणि मग आईला एका शाळेचे गणवेश शिवायचं काम मिळालं, निळी पँट, निळा फ्रॉक, पांढरी कॉलर. खालची खोली कापडाच्या गठ्ठ्यांनी भरून गेली. इतकी वर्षं मी तिला मशीनवर वाकलेली बघत आले, पण ती गुणगुणते हे मला तेव्हा कळलं.

याबद्दल ती दलदलीचे आभार मानत होती असं कुणाला वाटत असेल, तर तो आमच्या आईला ओळखत नाही. "मागची खिडकी उघडायची सोय नाही राहिली," ती म्हणायची. "काय तो उकिरडा! आधी कसं डोळ्याला गार वाटायचं." बेडकांबद्दल तक्रार, डासांबद्दल तक्रार. प्रकल्पबाईंनी सांगितलं, की आता चतुर येतील आणि डास खातील. आई म्हणाली, "त्यांना सांगा, पान वाढून ठेवलंय, लवकर या."

आमची दलदल खोऱ्यात गाजली. इतकी, की प्रकल्पबाईंना तिच्यावर भाषण करायला लांबच्या शहरात बोलावणं आलं. त्या तिकडे दलदलीचे फोटो दाखवत होत्या, आणि नेमक्या त्याच आठवड्यात इकडे आजूबाजूच्या गावांची पुढारी मंडळी खरी दलदल बघायला येणार असल्याचा निरोप आला. उद्यानप्रमुखांची धांदल उडाली. पाहुणे येणार म्हटलं की आपल्याकडे दगडालासुद्धा चुना लागतो. त्यांनी मामाला बोलावून घेतलं. तिथं काय बोलणं झालं ते तेव्हा आम्हाला कळलं नाही. एवढंच दिसलं, की मामा नगरपालिकेतून निघाला तो जवळजवळ पळत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी विळे, कात्र्या, दोऱ्याची गुंडी घेऊन मैदानावर हजर झाला.

मी खिडकीतून बघितलं. आधी त्यानं पुढची कड कापली. मग जरा मागे सरून बघितलं. मग त्याला वाटलं असावं, की डावी बाजू उजवीएवढी नाही. ही पद्धत माझ्या कपाळाच्या ओळखीची होती.

"आई, मामा सगळंच कापतोय."

"त्याला हुकूम असेल," आई म्हणाली. मशीन थांबवून ती खिडकीशी आली आणि स्टूल ओढून बसली.

"अगं, पण पाऊस तोंडावर आलाय. तू सांग ना त्याला."

"कामात आहे तो," आई म्हणाली.

त्या दिवशी तिनं गणवेश शिवले नाहीत. रागानं बसली आहे असं समजून मी गप्प राहिले. उन्हं कलेपर्यंत वर एक काडी उभी राहिली नाही. लव्हाळी जमिनीलगत, पाणकणसाचे खुंट एका उंचीचे, वाळुंज छत्रीसारखं गोल. आणि कापलेल्याचं काय केलं असेल? एका लांबीच्या पेंढ्या बांधल्या, प्रत्येकीला तशीच गाठ, आणि ओढ्याच्या कडेला ओळीनं रचून ठेवल्या. मामा घरी जाताना शीळ घालत गेला.

पाहुणे आले. मी मुद्दाम बघायला गेले. उद्यानप्रमुखांनी मैदान बघितलं, क्षणभर थबकले, आणि मग त्यांचा चेहरा खुलला. इतकं सुंदर काम आपण सांगितलं होतं हे त्यांनाच नवीन होतं. पाहुण्यांपैकी एक गृहस्थ इकडेतिकडे बघत म्हणाले, "छान आहे. पण दलदल कुठे आहे?"

"आपण दलदलीतच उभे आहोत, साहेब," उद्यानप्रमुख म्हणाले.

"अरे वा! काय स्वच्छता आहे!" एका नगराध्यक्षीणबाई म्हणाल्या. "आमच्याकडच्या लोकांना दलदल म्हटलं की घाणच आठवते. अशी असेल तर आम्ही उद्याच करतो." टाळ्या झाल्या, फोटो निघाले. फोटोत मामा पेंढ्यांच्या शेजारी उभा आहे, हात पाठीमागे नाहीत.

पाहुणे आपापल्या गावी पोचून चपला काढतात न काढतात तोच पाऊस लागला. रात्रभर कोसळला आणि सकाळीही उसंत नाही. न्याहारीच्या वेळी ओढ्यानं काठ सोडला. वर त्याला अडवायला कुणी उरलंच नव्हतं. पूर्वीसारखाच घसरत आला, फक्त या वेळी बरोबर पेंढ्या घेऊन आला. आमच्या गल्लीच्या तोंडाशी रस्त्याखाली एक मोरी आहे, जे काही येईल ते पोटात घेऊन पुढे ढकलणारी. मामाच्या पेंढ्या त्या मोरीच्या तोंडात अशा जाऊन बसल्या, की जणू माप घेऊन बांधल्या होत्या. पूर्वी पाणी घोट्याला लागायचं. त्या दिवशी ते माझ्या कमरेला लागलं.

आम्ही काय काय वाचवणार! आई आधी मशीनशी झटली, मी गठ्ठ्यांशी, आणि दोन्ही हातचं गेलं. शेवटी आम्ही जिन्यात बसून खाली बघत राहिलो. निळ्या कापडाचा रंग सुटला होता. पांढऱ्या कॉलरी निळ्या होऊन पाण्यावर तरंगत होत्या.

वरच्या छोट्या खिडकीतून मोरी दिसते. तिथे मामा छातीभर पाण्यात उभा राहून एकेक पेंढी उपसत होता. लोक त्याला दोर टाकत होते, बाहेर ये म्हणून ओरडत होते. तो ऐकत नव्हता. पेंढ्या नुसत्या खेचून निघेनात, आधी सोडाव्या लागत होत्या, आणि गाठी त्याच्याच हातच्या, पक्क्या. मोरी मोकळी झाली तेव्हा त्याची बोटं सोलून निघाली होती.

चिखल उपसायला तो नेहमीसारखा आला. आईनं त्याला फावडं दिलं, पण त्याच्याशी बोलली नाही. त्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही, पुढच्या महिन्यातही नाही. चहा द्यायची, पण कप माझ्या हाती पाठवायची. मला ते रास्तच वाटायचं. तिचं शाळेचं काम गेलं होतं, मशीन दुरुस्त होऊन पुन्हा वर गेलं होतं, विटा परत आल्या होत्या. पण खरं सांगायचं तर मला राग मामाचा नव्हता. हुकूम सोडणारे नामानिराळे, आणि कात्री धरणाऱ्याची बोटं सोललेली. उद्यानप्रमुखांना भर चौकात चार शब्द सुनवावेत असं मला रोज वाटायचं.

तशी संधी आली. नगरपालिकेनं सभा बोलावली. विषय सरळ होता, दलदल ठेवायची की भरून काढून भिंत बांधायची. प्रकल्पबाई परत आल्या होत्या, पण त्यांचं कुणी ऐकून घेत नव्हतं. ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांना फोटो दाखवून काय उपयोग? उद्यानप्रमुख उभे राहिले. म्हणाले, "आम्ही निसर्गावर विश्वास ठेवला. निसर्गानं दगा दिला. शेवटी सिमेंट ते सिमेंट." लोकांनी माना डोलावल्या. भिंत झाली असती तर पाणी आमच्याकडून खालच्या गावात गेलं असतं, आणि वरच्या गावांनीही भिंती घातल्या की त्यांचं आमच्याकडे आलं असतं. म्हणजे आईच्या घरावरची टांगती तलवार कायमची. पण इतकं लांबचं बघायला त्या सभेत कुणाला सवड नव्हती.

मी उठले. म्हटलं, "निसर्गाला नावं ठेवता कशाला? दलदल कापायचा हुकूम कुणी दिला ते सांगा!"

सभेत कुजबुज सुरू झाली. उद्यानप्रमुखांनी रुमाल काढला. "म्हणजे... थोडीफार साफसफाई सांगितली असेल..." त्यांना आठवत नव्हतं. ते दिवसाला इतके हुकूम सोडायचे, की त्यातला कुठला आपला आणि कुठला नाही हे त्यांना सांगता येईना. लोकांचा आवाज चढत चालला. मला फार बरं वाटत होतं.

तेवढ्यात मागच्या बाकावरून मामा उभा राहिला. "साहेबांनी सगळं कापायला सांगितलं नव्हतं," तो म्हणाला.

मी त्याला डोळ्यांनी खुणावलं, खाली बस. नोकरीची थोडकीच वर्षं राहिली होती.

"पाहुण्यांना उभं राहायला जागा कर, म्हणाले होते. पाच-सहा माणसं मावतील एवढी. तेवढी मी तासाभरात केली होती. बाकीचं मी माझ्या हौसेनं कापलं. पेंढ्याही मीच बांधल्या. दलदलीनं दोन पावसाळे पाणी अडवलं. दगा तिनं दिला नाही, मी दिला."

उद्यानप्रमुखांनी रुमाल खिशात ठेवला. इतका हलका झालेला माणूस मी क्वचितच बघितला आहे. दोष सिमेंटचा नाही, निसर्गाचा नाही, नगरपालिकेचा तर नाहीच, एका माळ्याचा निघाला, म्हटल्यावर सगळ्यांनाच पुढचं सोपं झालं. भिंतीचा विषय मागे पडला. दलदल राहिली. 'येथे काहीही कापण्यास सक्त मनाई आहे' असा बोर्ड लागला, आणि मामाला तिकडे फिरकायलासुद्धा बंदी झाली. शिक्षा म्हणून त्याला मुख्य चौकातल्या गोल बेटावर टाकलं. गाड्या चारी बाजूंनी फिरतात आणि मधे ताटाएवढी हिरवळ. कापायला हवी तेवढी मोकळीक. जन्मभर जे मागितलं ते त्याला शिक्षा म्हणून मिळालं. तो ते कापतो, चांगलं कापतो, पण शीळ घालत नाही.

सभेनंतरही आई त्याच्याशी बोलली नाही. मला आता तिचा राग यायला लागला. म्हटलं, अगं, माणसानं भर सभेत आपली मान कापून दिली, आता आणखी काय हवं? ती म्हणाली, "तुला नाही कळायचं," आणि मशीन चालू केलं.

दलदल वाढत राहिली, वेडीवाकडी, जमेल तशी. पुढच्या पावसाळ्यात गेल्या वर्षीसारखाच मोठा पाऊस लागला. सकाळीच मामा भिजून आमच्या दारात हजर. बोलावलं नव्हतं कुणी. आत आला आणि सरळ मागच्या खिडकीशी जाऊन उभा राहिला. आई आली, त्याच्या शेजारी उभी राहिली. ओढा वर आला होता. पाणी झाडोऱ्यात शिरलं, पसरलं आणि थांबलं. वरून वाहत आलेल्या पिशव्या, बाटल्या, फाटकी चप्पल, सगळं लव्हाळ्यांत अडकून लोंबत होतं. आमच्या खोलीची जमीन कोरडी होती.

"काय अवतार दिसतोय, ताई," मामा हळूच म्हणाला.

"हो ना," आई म्हणाली. कित्येक महिन्यांनी त्याच्याशी बोललेला तिचा हा पहिला शब्द. "तू कापलं होतंस तेव्हा किती छान दिसत होतं."

मामानं मान खाली घातली. त्याला वाटलं, टोमणा आहे. मलाही तेच वाटलं.

"खरंच सांगते," ती म्हणाली. "इथंच स्टूलवर बसून दिवसभर बघत होते. हिनं सांगितलं, थांबव त्याला. मी एक हाक मारली असती तर तू थांबला असतास."

"थांबलो असतो," मामा म्हणाला.

"ते मला माहीत होतं रे. म्हणूनच मारली नाही."